इदवालला सायकल हवी

बुधवारी दुकान बंद करायच्या वेळेला इदवाल आला.
चिखलाचे बूट बाहेर काढून ठेवले, मी नको म्हणत असताना.
मोज्याला अंगठ्याशी भोक.
म्हणाला, मारेद, मला सायकल घ्यायचीय.

सोळा वर्षं हा माणूस आमच्या डोंगरावर वाटा खणतोय.
निळी, लाल, दोन्ही काळ्या,
आणि ती, जिला नकाशावर नुसता नंबर आहे
पण आम्ही चहाची वाट म्हणतो,
कारण तिसऱ्या वळणावर याची किटली असते.
स्वतः मात्र चालत उतरतो.
लोक शेजारून भर्रकन जातात, थँक्यू ओरडत;
शब्द त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा माणूस वळणाआड.

मी नेहमीचं सुरू केलं. तोंडपाठ आहे.
पुढे एकशेसाठ मिलिमीटर, मागे एकशेपन्नास,
कार्बनची फ्रेम, एका बोटावर थांबणारे ब्रेक,
ही घे, काळ्या वाटेवरून लोण्यासारखी उतरेल.
मेंढ्यांच्या बाजारात दात बघतात
तसं त्याने तिच्याकडे बघितलं, सीट दाबली.
म्हणाला, तिथला दगड मी मुद्दाम ठेवलाय.
कुठला?
दुसऱ्या उतारावर, डावीकडे, गुडघ्यासारखा वर आलेला.
तिघांनी लावून काढता आला असता.
ठेवला, बसणाऱ्याला कळावा म्हणून.
ही तुझी गादी त्याला गिळून टाकेल.

मग हार्डटेल दाखवली. मागे स्प्रिंग नाही,
खालचं सगळं पाठीला कळतं.
हसला. पाठीला माझ्या आधीच पुष्कळ कळतं, म्हणाला.

टायरवर मात्र तासभर.
नक्षीत बोटं घालून घालून बघितली.
या डोंगराचं अर्धं पोट खाणीनं नेलं,
कुठल्या कुठल्या गावांची छपरं झाली,
उरला तो चुरा आमच्या चाकांखाली.
आणि वेल्समध्ये ओल्या पाटीवर
काही म्हणजे काही उमटत नाही,
खडूची रेघ नाही, टायरचीही नाही.
मऊ रबर घे, मी म्हटलं, पण लवकर झिजतं.
किती?
तुझ्या बेतानं पाच वर्षं.
मला वाटलं आता म्हणणार, तेवढी मला पुरतील.
म्हणाला, दोन जोड्या दे.

शनिवारी चार सायकली गाडीत टाकून वर नेल्या.
तो पुढे, मी मागे.
पहिल्याच चरीशी करकचून ब्रेक. पडला वाटलं.
वाकून हातानं पानं काढत होता.
दुसरी चर, तेच. तिसरी, तेच.
अर्ध्या तासाच्या वाटेला दोन तास बारा मिनिटं,
आणि मी थंडीनं काकडलेली.

फक्त किटलीच्या वळणावर त्यानं हात सैल सोडला.
का, कुणास ठाऊक. तिथे चर नाही म्हणून असेल.
मी मागून पाहिलं,
फावड्याच्या पाठीनं कधीकाळी थापटलेला तो बांध
त्याला उचलून घेत होता,
आणि हा अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या
पोरासारखा तिरका, कोपर बाहेर, तोंड उघडं.

खाली पोचला. बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, चुकलंय.
काय?
बांध. वीतभर आधी सुरू व्हायला हवा होता.
चालताना कळत नाही ते.

चारीही परत केल्या.
कोपऱ्यातली जुनी स्टीलची घेतली,
जिला दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता,
जिच्यावर मी पडदे वाळत घालायची.
तिची वरची नळी सरळ आहे, म्हणाला, फावडं बांधता येईल.
बिल केलं: फ्रेम मीडियम, टायर दोन जोड्या, पट्टे दोन.

दांडा सहा इंच लांब पडत होता,
वळताना गुडघ्याला लागायचा.
मी म्हटलं, लार्ज मागवून देते, आठवडा लागेल.
नको म्हणाला,
आणि माझ्याकडची करवत मागून घेतली.